जमीन तुमची, तेल कुणाचं?

या महिन्यात खनिजहक्कांवर तीन पत्रं आली, दोन टेक्ससमधून आणि एक जत तालुक्यातून. तिन्हींचा विषय एकच असल्यामुळे हा अंक त्यांनाच देते. नव्या वाचकांसाठी थोडक्यात: मी फोर्ट वर्थला राहते आणि निवृत्त होईपर्यंत लँडमनचं काम केलं. विहीर खणण्याआधी त्या जमिनीखालचं तेल कायद्यानं कुणाचं आहे हे जुने दस्त वाचून शोधायचं आणि मालकाशी लीजची, म्हणजे तेल काढण्याच्या भाडेपट्ट्याची, बोलणी करायची, असं ते काम. पुढे पुढे मी कंपन्यांऐवजी जमीनमालकांसाठी काम केलं आणि तेच मला जास्त मानवलं. मी वकील नाही, त्यामुळे सही करण्याआधी कागद वकिलाला दाखवायचाच, हे तिघांनाही आधीच सांगून ठेवते.

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही पार्कर काउंटीत बारा एकर जागा घेतली. घर आहे, मागे पीचची झाडं, दोन घोडे, पाण्याची बोअरवेल. मागच्या आठवड्यात एका कंपनीचं पत्र आलं, की आमच्या जागेवर विहिरीसाठी परमिट मिळालं आहे आणि सर्व्हेचे लोक येतील. आम्ही कुणाला काही विकलेलं नाही, कशावर सही केलेली नाही. मिस्टर म्हणतात, गेटला कुलूप घालू. साताऱ्याहून सासरे फोनवर विचारतात, "खरेदीखत तुमच्या नावावर आहे ना? मग कुणी कसं आत येतं?" आम्हाला त्यांना अडवता येईल का?
— एक वाचक, वेदरफोर्डजवळ, टेक्सस

उत्तर: कुलूप घालू नका. तुमच्या मिस्टरांचा संताप मला कळतो, पण ज्याच्याकडे खालच्या खनिजांचं वैध लीज आहे त्याला गेटवर अडवलं तर तो कोर्टातून मनाई हुकूम आणतो, आणि मग बोलणी सुरू व्हायच्या आधीच तुमची बाजू पडते.

आता सासऱ्यांचा प्रश्न. टेक्ससमध्ये जमिनीची मालकी आडवी तोडता येते: वरची जमीन एकाची, खालचं तेल आणि वायू दुसऱ्याचा. एकदा तोडली की दोन्ही भाग वेगवेगळे विकले जातात, वारसांकडे जातात, गहाणही पडतात. तुमच्या खरेदीखतात 'पूर्वी नोंदलेल्या राखीव हक्कांना अधीन राहून' अशा अर्थाची एक ओळ असणार. टायटल पॉलिसीच्या (मालकीहक्काच्या विम्याच्या) शेड्यूल बी या यादीत खनिजं वगळल्याचा उल्लेख असणार. सहीच्या दिवशी टेबलावर कागदांचा ढीग असतो, नव्या घराचा आनंद असतो, ती ओळ कुणी वाचून दाखवत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण आपल्याकडची माणसं जमीन घेताना सर्च रिपोर्टसाठी किती जपतात हे मी पाहिलेलं आहे.

सातबाऱ्यावर निदान 'इतर हक्क' असा रकाना असतो. इथे असा एका पानाचा उतारा नाही. काउंटी क्लार्कच्या दप्तरात विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाची सूची असते. तिच्यावरून एकेक दस्त मागे मागे काढत पहिल्या सरकारी सनदेपर्यंत जायचं. माझे वडील तलाठी होते, त्यांच्याशेजारी बसून मी फेरफाराच्या नोंदी वाचायला शिकले होते, म्हणून हे काम मला कधी कंटाळवाणं वाटलं नाही. या भागात वारंवार दिसणारी गोष्ट अशी: १९५०च्या दशकात टेक्ससमध्ये मोठा दुष्काळ पडला. एखाद्या रँचरनं जमीन विकली, पण दस्तात एक वाक्य घालून खनिजं स्वतःकडे राखली. आज ती त्याच्या पतवंडांत वाटली गेलेली असतात, कुणी कॅलिफोर्नियात, कुणी फ्लोरिडात. कंपनी लीज त्यांच्याकडून घेते. तुमची सही तिला लागतच नाही.

आलेलं पत्र नीट पाहा. ते परवानगी मागत नाही, कळवतं. तेल-वायूची परमिटं टेक्ससमध्ये रेलरोड कमिशन देतं (नाव रेल्वेचं असलं तरी काम तेलाचं), आणि परमिट मिळाल्यावर पंधरा कामकाजाच्या दिवसांत वरच्या जमिनीच्या मालकाला लेखी कळवावं लागतं. तुम्हाला आलं आहे ते बहुधा हेच.

खनिजाचा हक्क वरच्या जमिनीच्या हक्कापेक्षा वरचढ, असं इथला कायदा मानतो. खाली पोचायला वाट हवी, नाहीतर खालच्या मालकीला अर्थ नाही, हे त्यामागचं तर्कशास्त्र. म्हणून रस्ता, पॅड (विहिरीसाठी सपाट केलेली जागा), टाक्या यांसाठी 'वाजवी गरजेपुरती' तुमची जमीन कंपनी वापरू शकते. भरपाईसाठी टेक्ससमध्ये वेगळा सर्वसाधारण कायदाही नाही. शेजारच्या ओक्लाहोमानं तो १९८२ साली केला, नॉर्थ डकोटानं त्याच्याही आधी, १९७९ मध्ये. टेक्ससनं अजून केलेला नाही, आणि तो करायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

काउंटी काही करील का? नाही. टेक्ससमधल्या काउंट्यांकडे असे अधिकार फारसे नाहीत. शहरांचेही कमी झाले. तुमच्यापासून लांब नसलेल्या डेंटन शहरात नोव्हेंबर २०१४ मध्ये लोकांनी मतदान करून शहराच्या हद्दीत फ्रॅकिंगवर (दाबानं पाणी सोडून खडक फोडून तेल-वायू काढण्यावर) बंदी घातली. पुढच्याच मे महिन्यात राज्यानं 'हाउस बिल ४०' आणलं, शहरांचा तो अधिकार काढून घेतला, आणि जूनमध्ये डेंटनला बंदी मागे घ्यावी लागली.

मग तुमच्या हातात काय उरतं? बरंच उरतं, आणि ते वेळेत वापरलं नाही तर वाया जातं.

१९७१ साली टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयासमोर गेटी ऑइल कंपनीचा एक खटला आला. गेन्स काउंटीतल्या शेतकऱ्यानं शेतात स्वतः फिरणारी तुषार सिंचनाची यंत्रणा बसवली होती. तिच्याखालून सात फुटांपर्यंतची वस्तू जाऊ शकत होती. गेटीनं मध्येच तेल उपसणारे उंच पंपजॅक उभे केले, पाण्याचं चक्र थांबलं. त्याच शेतावर दुसऱ्या कंपन्यांनी मात्र पंप खड्ड्यात किंवा बुटके बसवून काम चालवलं होतं. न्यायालयानं तत्त्व सांगितलं: मालकाचा जमिनीचा वापर आधीपासून चालू असेल, विहिरीनं तो मोडत असेल आणि कंपनीला त्याच जागेवर दुसरी प्रचलित, वाजवी पद्धत उपलब्ध असेल, तर तिनं जुळवून घेतलं पाहिजे. तुमचं घर, बोअरवेल, सेप्टिकची टाकी, पीचची झाडं, घोड्यांचं कुंपण हे सगळं 'आधीपासूनचा वापर' आहे. आजच तारखेसह फोटो काढा, सर्व्हेच्या नकाशावर प्रत्येक गोष्ट दाखवा.

पण या तत्त्वावर सगळा भार टाकू नका. सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर असते आणि ती जड आहे. २०१३ साली लाइमस्टोन काउंटीतला चाळीस एकरांचा मालक एक्सटीओ एनर्जीविरुद्ध हरला. तो व्यवसायानं फार्मासिस्ट होता, जोडीला गुरं पाळायचा. विहिरीमुळे गुरं वेगळी करायच्या त्याच्या कोंडवाड्याच्या व्यवस्थेत अडथळा येत होता. न्यायालय म्हणालं, गैरसोय आणि जास्त खर्च एवढं पुरेसं नाही, आपल्याच जागेत दुसऱ्या पद्धतीनं गुरांचं काम चालवता येणार नाही हे त्यानं दाखवलेलं नाही.

म्हणून खरा जोर लावायचा तो कराराच्या टेबलावर, बुलडोझर येण्याआधी. इथे त्याला 'सरफेस यूज अॅग्रीमेंट' म्हणतात. कायदा कंपनीला तो करायला भाग पाडत नाही, तरी बहुतेक कंपन्या करतात, कारण नाराज मालकाबरोबर वर्षानुवर्षं एकाच जागेवर काम करणं त्यांनाही नको असतं. शिवाय एक अस्त्र तुमच्याकडे आहे. ज्या खनिजांचं लीज आहे त्यांच्यासाठी तुमची जमीन वापरता येते, शेजारच्या दुसऱ्या लीजसाठी नाही. हे तत्त्व टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्ये खाऱ्या पाण्याच्या एका प्रकरणात सांगितलं. हल्लीची विहीर खाली जाऊन आडवी वळते, हजारो फूट शेजाऱ्यांच्या जमिनींखालून जाते. सगळे तुकडे रीतसर एका युनिटमध्ये, म्हणजे एकत्र धरलेल्या क्षेत्रात, जोडलेले नसतील, तर बाहेरच्या तेलासाठी तुमचा रस्ता किंवा पॅड वापरायला तुमची संमती लागते. युनिटचा नकाशा मागा. बोलणीची सुरुवात तिथूनच करा.

आडव्या विहिरीचा दुसरा फायदा तुम्हाला आहे. वायू असलेला बार्नेट शेल हा खडकाचा थर तुमच्या भागात हजारो फूट खोल आहे, आणि तिथे पोचायला पॅड नेमका तुमच्या अंगणातच असला पाहिजे असं नाही. 'पॅड कुठे?' हा सगळ्या करारातला सर्वांत महागडा प्रश्न समजा. पैशांची बोलणी नंतर. मी एका मालकिणीसाठी पॅड घरापासून लांबच्या कोपऱ्यात, ओकच्या रांगेपलीकडे नेऊन घेतला होता. भरपाई तिला शेजाऱ्यापेक्षा कमी मिळाली, पण त्या घरात ती आजही राहते. शेजाऱ्यानं घर विकलं.

करारात काय हवं ते माझ्या अनुभवावरून सांगते. रस्ता कुठून जाईल, किती रुंद असेल, त्यावर खडी कोणती पडेल, काम संपल्यावर ती कोण उचलेल. वरची सुपीक माती वेगळी काढून ढीग करून ठेवायची आणि शेवटी परत पसरायची. उघडे खड्डे नकोत, ड्रिलिंगचा गाळ बंद टाक्यांत. घराच्या बाजूनं आवाज अडवणारी भिंत, दिव्यांचं तोंड खाली. दुसऱ्या विहिरींचं खारं पाणी तुमच्या जमिनीत सोडायचं नाही. पाइपलाइन टाकली तर तिचे वेगळे पैसे. इथे पाइपलाइनचा भाव 'रॉड'वर ठरतो, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. भाव ऐकताना फूट समजून बसू नका. आणि तुमच्या भूजलाचा वापर लेखी बंद करा. १९७२च्या एका निकालानुसार, वेगळा करार नसेल तर वाजवी गरजेपुरतं तुमच्या जमिनीखालचं गोडं पाणीही खनिजवाला फुकट वापरू शकतो. हे वाचून बहुतेकांना धक्का बसतो.

बोअरवेलबद्दल अगदी कळकळीनं सांगते. तुमची बोअरवेल बहुधा ट्रिनिटी जलस्तरातलं पाणी उपसते. तेलविहिरीला त्या थराच्या खालपर्यंत पोलादी केसिंग (बाहेरची नळी) घालून सिमेंट भरावं लागतं, तसा नियम आहे. तरीही रिग येण्याआधी स्वतंत्र प्रयोगशाळेकडून पाणी तपासून घ्या: मिथेन, क्लोराइड, बेंझिन, बेरियम, एकूण विरघळलेले क्षार. नमुना प्रयोगशाळेच्या माणसानंच घेतला पाहिजे. घरी बाटली भरून पाठवलेल्या नमुन्याला पुढे वादात कुणी विचारत नाही. आधीचा अहवाल नसेल तर नंतरच्या बिघाडाचं कारण सिद्ध करणं जवळजवळ अशक्य होतं.

वकील शोधताना टेक्सस बोर्ड ऑफ लीगल स्पेशलायझेशनचं तेल, वायू आणि खनिज कायद्याचं प्रमाणपत्र असलेला बघा. घराचे व्यवहार करणारा वकील या कामाला चालत नाही. आणि सासऱ्यांना सांगा, खरेदीखत तुमच्या नावावरच आहे, फक्त खालचा भाग त्या खतात कधी आलाच नव्हता.

प्रश्न: आम्ही चार मित्रकुटुंबांनी कार्न्स काउंटीत वीस एकर जागा घेतली, अर्धी खनिजं आमची आहेत. कंपनी लीज मागते आहे: आठवा हिस्सा रॉयल्टी आणि एकरी बोनस. फॉर्मवर 'प्रोड्युसर्स ८८' असं छापलेलं आहे आणि त्यांचा माणूस म्हणतो, हा प्रमाणित फॉर्म आहे, बदलता येत नाही. दुसऱ्या एकानं खनिजं सरळ विकत घेण्याचं पत्र पाठवलं आहे, रक्कम मोठी दिसते. काय करावं?
— ह्यूस्टन

उत्तर: 'प्रोड्युसर्स ८८' हे नाव कितीतरी वेगवेगळ्या फॉर्मवर छापलेलं असतं. प्रमाणित असा एक फॉर्म अस्तित्वातच नाही. बदलता येतो, रोज बदलला जातो.

रॉयल्टी म्हणजे निघालेल्या तेलातला तुमचा वाटा, बोनस म्हणजे सहीसाठी एकदाच मिळणारी रक्कम. आठवा हिस्सा ही जुन्या काळची रीत. ईगल फोर्डसारख्या, म्हणजे तुमची काउंटी ज्यात येते त्या, तेलाच्या भागात चौथ्या किंवा पाचव्या हिश्श्याची मागणी अजिबात अवाजवी नाही. फरक आकड्यांत बघा. वीस एकरांतली अर्धी खनिजं म्हणजे दहा एकर. विहीर ६४० एकरांच्या युनिटमध्ये असेल आणि महिन्याला दहा लाख डॉलरचं तेल निघालं, तर आठव्या हिश्श्यानं तुमच्या चार कुटुंबांना मिळून सुमारे १,९५३ डॉलर येतील, चौथ्या हिश्श्यानं ३,९०६. बोनस एकदाच मिळतो, हा फरक विहीर चालेपर्यंत दर महिन्याला पडतो. म्हणून बोनसवर घासाघीस करून रॉयल्टी सोडणारी माणसं पाहिली की मला वाईट वाटतं.

टक्क्याइतकंच महत्त्व वजावटीला आहे. वायू गोळा करणं, दाबणं, शुद्ध करणं, वाहून नेणं, हा खर्च तुमच्या वाट्यातून कापायचा नाही हे लिहून घ्या, आणि ते योग्य जागी लिहून घ्या. १९९६ सालच्या हेरिटेज रिसोर्सेस प्रकरणात मालकाच्या लीजमध्ये 'वजावट नाही' असं लिहिलेलं होतं. पण रॉयल्टी 'विहिरीच्या तोंडाशी बाजारभावानं' मोजायची असंही त्यातच होतं. न्यायालयानं दुसरं वाक्य धरलं आणि वजावट मान्य केली. तुमची रॉयल्टी प्रत्यक्ष विक्रीच्या पूर्ण रकमेवर मोजली जाईल असा मजकूर हवा.

मुदत साधारण तीन वर्षं असते, आणि 'त्यानंतर फायदेशीर उत्पादन चालू आहे तोपर्यंत'. एका कोपऱ्यातली एकच विहीर सगळी जमीन आणि सगळी खोली वर्षानुवर्षं अडकवून ठेवू शकते. तीन वर्षांनी जो भाग युनिटमध्ये नाही तो मोकळा, आणि विहिरीच्या थराखालची खोलीही मोकळी, असं कलम घाला. तुमची वरची जमीनही तुमचीच आहे, तेव्हा वेदरफोर्डच्या बाईंना ज्या अटी वेगळ्या करारात मागाव्या लागतील, त्या तुम्ही लीजमध्येच घालू शकता. बोनसचा कागद 'ड्राफ्ट' असेल तर तारीख पाहा. काही ड्राफ्ट तीस-तीस दिवसांनी वटतात, दरम्यान कंपनी टायटल तपासते, आणि मन बदललं तर पैसे देत नाही. पैसे खात्यात येईपर्यंत सही केलेलं लीज काउंटीत नोंदवू देऊ नका.

आणि ते विकत घेण्याचं पत्र. बारकाईनं वाचा, कारण मी असे 'मिनरल डीड' (खनिजांची खरेदीखतं) पाहिले आहेत जे लीजसारखे दिसतात आणि सही केली की मुलाबाळांसकट सगळ्यांचा हक्क कायमचा जातो. विकायचंच असेल तर विका, तो तुमचा निर्णय. पण कुणी लीजसाठी दारात उभं असताना आलेला खरेदीचा भाव हा शेवटचा भाव कधीच नसतो.

प्रश्न: आमच्या जत तालुक्यातल्या शेतात बोअरच्या पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग येतो. खाली तेल निघालं तर ते आमचं होईल का? अमेरिकेत होतं असं ऐकलं.
— एक शेतकरी, जि. सांगली

उत्तर: अमेरिकेतही सगळीकडे आणि सगळ्यांना होत नाही, ते वर वाचलंच असेल. स्पेनच्या अमलात टेक्ससमधली खनिजंही राजाचीच होती. १८६६च्या राज्यघटनेनं ती जमीनमालकांना सोडली, म्हणून पुढे ती विकता आणि राखता आली.

आपल्याकडे तसं सोडलेलं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८ प्रमाणे, सनदेत स्पष्ट वेगळं लिहिलेलं नसेल तर जमिनीतली खनिजं राज्य शासनाची. खनिज तेलाचं नियमन घटनेनं केंद्राकडे दिलं आहे, १९४८चा तेलक्षेत्र कायदा त्यासाठीच आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या मलबारच्या जमीनमालकांच्या बाजूनं निकाल देताना म्हटलं, की कायद्यानं काढून घेतलेला नसेल तर जमिनीखालचा हक्क सर्वसाधारणपणे जमीनमालकाकडे जातो. त्या निकालाची कात्रणं गावोगाव फिरतात. पण आपल्या राज्यात कलम ४८ उभं आहे, त्यामुळे त्यावर विसंबून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. शेतात विहीर खणली तर जमिनीचा आणि पिकाचा मोबदला शेतकऱ्याला, रॉयल्टी सरकारला. पाइपलाइन नुसती शेताखालून गेली तर १९६२च्या कायद्यानं वापरहक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के आणि नुकसानीचे वेगळे. हे फार थोडं आहे, माझ्या मते अन्यायकारक थोडं, कारण त्या पट्ट्यावर नंतर ना घर बांधता येतं ना मोठं झाड लावता येतं.

महाराष्ट्राजवळचं मोठं तेल मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटर समुद्रात, बॉम्बे हाय इथे १९७४ साली सापडलं. तुमच्या पायाखाली बेसॉल्टचा जाड थर आहे. तवंगाची खात्री घरीच करा: काडीनं तो हलवा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगळेच राहिले, तर तो लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचा थर आहे. तुकडे फिरून एकमेकांत मिसळले, तर तेल आहे, आणि ते जवळच्या डिझेल इंजिनाचं किंवा बोअरमध्ये उतरवलेल्या पंपाचं असण्याची शक्यता सर्वांत जास्त. तसं असेल तर ते पाणी जनावरांनाही पाजू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या, आणि पावती जपून ठेवा.